सत्तावीस कारीटं

माझे सासरे बबन परब यांना मीरा रोड आवडला नाही, यात मीरा रोडची काही चूक नाही. त्यांना काळाचौकीच्या पलीकडचं काहीच आवडत नाही. अपवाद फक्त कणकवलीजवळच्या त्यांच्या गावाचा, आणि तोही मुंबईत बसून आठवला तर.

काळाचौकीची खोली विकून इथे यायचा निर्णय माझा होता. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कोणी शोधत बसायला नको. एकशे ऐंशी फुटांची खोली, संडास गॅलरीच्या टोकाला, जिना असा की चढताना सत्तरीच्या माणसाने देवाचं नाव घ्यावं, आणि बाबांच्या हृदयात दोन स्टेंट. मी म्हटलं, आता बास. माझा नवरा यतीन 'तू म्हणशील तसं' म्हणून मोकळा झाला. हे वाक्य त्याने लग्नात उखाण्याऐवजी घेतलं असतं तरी चाललं असतं. मार्चमध्ये आम्ही बेव्हर्ली पार्कला आलो. चौथा मजला, दोन बेडरूम, लिफ्ट, बाल्कनी. बाबांना आयुष्यात पहिल्यांदा स्वतःची खोली मिळाली. त्या खोलीत ते झोपण्यापुरते जायचे. बाकीचा वेळ खाली वॉचमनच्या केबिनशेजारी प्लास्टिकच्या खुर्चीवर, सकाळी दहा ते बारा आणि संध्याकाळी पाच ते सात. जणू ड्यूटीच लागली होती.

एका औषधांच्या कंपनीत पॅकिंग खात्यात चौतीस वर्षं काढलेला हा माणूस. पण चाळीत त्यांना कोणी त्या नोकरीवरून ओळखत नव्हतं. बाबा म्हणजे सण. आणि त्यातही नरकचतुर्दशी.

आमच्याकडे त्या दिवशी कारीट फोडतात. कारीट म्हणजे अंड्याएवढं हिरवं रानफळ, अंगावर पांढरे पट्टे, आत जहर कडू. पहाटे तेल-उटणं लावून आंघोळ करायची, तुळशीपुढे ते फळ डाव्या पायाच्या अंगठ्याने 'गोविंदा, गोविंदा' म्हणत फोडायचं, रस कपाळाला लावायचा, बी जिभेला टेकवायची. फोडला तो नरकासुर, मेली ती पीडा, आता फराळाला बसा. चाळीत बेचाळीस खोल्या होत्या. आदल्या संध्याकाळी बाबा प्रत्येक उंबऱ्यावर एक कारीट ठेवायचे, वर कुंकवाचं बोट. सासूबाई होत्या तोवर कुंकू त्या लावत. सहा वर्षांपूर्वी त्या गेल्या, तेव्हापासून तेही बाबाच करत. पहाटे पाचला बाबांचा 'गोविंदा' झाल्याशिवाय चाळीत कोणी पोह्यांना हात लावत नसे. नवी नवरी होते तेव्हा मला याचं हसू यायचं. नंतर सवय झाली, आणि सवयीच्या गोष्टीकडे माणूस बघत नाही.

इथे आल्यावर पहिलाच सण गुढीपाडवा. खिडकीच्या ग्रिलला गुढी बांधली. तासाभरात वॉचमन वर आला. खालच्या मजल्यावरून तक्रार होती, बाहेर कपडे वाळत घालायला मनाई आहे. बाबांनी त्याला पंधरा मिनिटं गुढी समजावली. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तो अंकल, कब उतारेंगे?" गणपतीत सोसायटीचा गणपती होता दीड दिवसाचा. आरतीला बाबा झांज घेऊन पुढे उभे. 'घालीन लोटांगण' सुरू करणार तोच कोणीतरी स्पीकर लावला आणि प्रसाद वाटायला सुरुवात झाली. नवरात्रात नऊ दिवस गरबा. बाबा म्हणाले, एक दिवस भोंडला ठेवू, बायकांना मजा येईल. सगळ्यांनी मान हलवली. "हाँ अंकल, बिल्कुल अंकल, अगले साल पक्का."

मला सगळ्यात जास्त चीड या गोडपणाची यायची. कोणी वाईट वागत नव्हतं. वाईट वागलं असतं तर भांडता तरी आलं असतं. लिफ्टमध्ये जागा द्यायचे, सणावाराला पाया पडायचे, पिशवी हातातून घ्यायचे. पण बाबा काही सांगायला लागले की 'हाँ अंकल' म्हणून निघून जायचे. गाढवापुढे वाचली गीता, असं मी एकदा म्हणाले तर बाबा माझ्यावरच चिडले. म्हणाले, ते गाढव नाहीत, मलाच वाचता येत नाही.

दसरा झाला त्या रात्री जेवताना त्यांनी जाहीर केलं. "दिवाळी इथे करून बघतो. नाय जमला, तर तुळशीचा लगीन झाला की मी गावाक जातंय. कायमचो." बाबा मालवणीत शिरले की समजावं, गोष्ट ठरली.

गावचं घर आठ वर्षं बंद. एका बाजूची कौलं बसलेली. शेजार म्हणावा तर हाकेच्या अंतरावर कोणी नाही आणि हॉस्पिटल गाठायचं तर पाऊण तास. दोन स्टेंटचा एकटा माणूस तिथे राहणार. यतीनची झोप उडाली. माझी उडाली ती दोन कारणांनी. एक, सगळे म्हणणार, सुनेने खोली विकली आणि म्हाताऱ्याला घालवला. आणि दुसरं, जे मी यतीनलाही सांगितलं नाही: मनाच्या एका कोपऱ्यात मला वाटत होतं, जाऊ दे एकदाचे. रोजचं ते तोंड पाडून बसणं, रोजचं 'आमच्या चाळीत'. आमच्या चाळीत संडासाला रांग होती हो बाबा, असं ओरडावंसं वाटायचं.

मग सुरू झाला कारीटाचा शोध. मी मोबाइलवर शोधलं. कारल्यापासून किवीपर्यंत सगळं दहा मिनिटांत घरपोच येणार होतं, कारीट सोडून. नाक्यावरच्या भाजीवाल्याला बाबांनी हातांनी आकार करून दाखवला, त्याने परवर काढून दिली. धनत्रयोदशीला सकाळी बाबा एकटेच बाहेर पडले ते भाईंदर पश्चिमेला बाजारात, तिथून रिक्षाने मोरव्याला, तिथून कोणीतरी सांगितलं म्हणून राई गावाला. दोन वाजले तरी पत्ता नाही, फोन घरीच चार्जिंगला. मी इकडे देव पाण्यात घालून बसलेले. अडीचला आले, शर्ट घामाने चिकटलेला, हातात पोत्याची पिशवी आणि चेहरा असा की गेल्या आठ महिन्यांत मी तो पाहिला नव्हता.

राईला एक बाई भाजीची टोपली घेऊन बसली होती. तिला विचारलं तर ती हसायलाच लागली. बाबांनी तिची नक्कल करून दाखवली. "आमच्यात याला चिराट बोलतान. बांधाला ढीगभर हाय, पन इकत घेनारा कोन न्हाय." तिने टोपली शेजारणीकडे सोपवली, बाबांना घेऊन मागच्या शेतात गेली आणि दोघांनी मिळून वेचली. पैसे घेतले नाहीत. किती आणलीत म्हणून मी विचारलं. अठ्ठावीस, म्हणाले. मला वाटलं, उत्साहाच्या भरात आणली असतील.

आमच्या बिल्डिंगचे सात मजले, मजल्याला चार घरं. हा गुणाकार मला तेव्हा सुचला नाही.

रविवारी, नरकचतुर्दशीच्या आदल्या दुपारी, मी घरून काम करत होते. मी विम्याच्या कंपनीत क्लेमचं काम बघते. सोमवारची सुट्टी हवी होती, म्हणून रविवार आमच्या साहेबांनी मागून घेतला. कानाला हेडफोन, समोर लॅपटॉप, पलीकडे साहेब तावातावाने बोलतायत. बाबा दारात येऊन उभे राहिले. काहीतरी विचारलं. 'सगळ्यांच्या दारात ठेवू ना गं? कोणाला काय वाटणार नाही ना?' एवढं माझ्या कानावर पडलं. हो, पडलं. काय ठेवायचं, कोणाच्या दारात, यातलं मी काही विचारलं नाही. हाताने 'जा' अशी खूण केली आणि म्हणाले, "हो बाबा, हो हो, ठेवा." ते खूश होऊन गेले.

यतीन उटणं आणि कंदिलाचा बल्ब आणायला बाहेर गेला होता. साडेसहाच्या सुमाराला मी पाय मोकळे करायला बाल्कनीत आले तर शेजारच्या हंसाबेन खाली चौकाकडे चालल्या होत्या. साठीच्या, आमच्या समोरच्या दारातल्या, चारशे तीनमध्ये मुलाकडे राहणाऱ्या. एका हातात ताट, एका हातात तांब्या. चौकाच्या मध्यावर त्यांनी ताटातले वडे ठेवले, भोवती पाण्याचं रिंगण काढलं आणि मागे न बघता परत फिरल्या. मी वरून हाक मारली, तर मान वर केली नाही. मला राग आला. चौकात कोणी खाण्याचं ठेवून पाण्याचं रिंगण घातलं की आम्ही त्याला उतारा म्हणतो, आणि लहानपणापासून शिकवलेलं असतं, त्याच्या जवळून जायचं नाही. शिकलेल्या घरातली बाई उतारे कसले ठेवते, असं मनात म्हणत मी परत कामाला बसले.

पाच मिनिटांत पॅसेजमधून हंसाबेनचा आवाज आला. पाठोपाठ माझा मोबाइल थरथरायला लागला. सोसायटीच्या ग्रुपवर फोटो येत होते. एक फोटो, दुसरा, सहावा. प्रत्येकात एक दार, दारापुढे एक हिरवं फळ, फळावर लाल बोट. 'ये क्या है?' 'हमारे यहाँ भी है.' 'कोई हाथ मत लगाना.' 'काली चौदस के दिन? किसी ने टोटका किया है.' 'सीसीटीव्ही चेक करो.' मी एकेक फोटो मोठा करून बघत होते. हेडफोनमध्ये साहेब विचारत होते, रसिका, आवाज येतोय का?

सीसीटीव्ही चेक झाला. सेक्रेटरी पराग मयेकर क्लिप घेऊनच वर आला, मागे आठ-दहा माणसं. त्याने मोबाइल माझ्यासमोर धरला. बाबा, पांढरा लेंगा, स्वच्छ सदरा, हातात कुंकवाची वाटी. प्रत्येक दारापाशी वाकतायत, फळ ठेवतायत, बोट लावतायत, दोन्ही हात जोडतायत, आणि भिंत धरून उठतायत. सातव्या मजल्यापासून पहिल्यापर्यंत. सत्तावीस वेळा. खालच्या मजल्यांवर उठायला जास्त वेळ लागत होता.

बाबा बाहेर आले. इतकी माणसं आपल्या दारात बघून त्यांचा चेहरा आधी खुलला. तो खुललेला चेहरा मला अजून आठवतो आणि अजून मला सहन होत नाही. मग परागने विचारलं, अंकल, हे काय आहे. बाबांनी त्यांच्या हिंदीत समजावलं. "ये नरकासुर है. राक्षस. सुबे पाव के अंगूठे से फोडने का. मैंने सबके लिए लाया." झालं. करायला गेले गणपती आणि झाला मारुती. सहाव्या मजल्यावरच्या बाईंनी पदर तोंडाला लावला. राक्षस माझ्या दारात ठेवलात तुम्ही, असं त्या तीनदा म्हणाल्या. घरात सून गरोदर होती त्यांच्या.

हंसाबेन भांडल्या नाहीत, त्या रडवेल्या झाल्या होत्या. मला बाजूला घेऊन त्यांनी सांगितलं, तेव्हा मला वड्यांचा अर्थ कळला. त्यांच्याकडे काळी चौदशीला संध्याकाळी वडे तळून चौकात ठेवतात. घरातला कंकास, म्हणजे वर्षभराची भांडणं, किरकिर, सगळं त्यासोबत बाहेर काढायचं. परत येताना मागे बघायचं नाही, कोणाशी बोलायचं नाही, नाहीतर तो मागोमाग घरी येतो. "रसिका, मैं पीछे मुड़के देखी भी नहीं," त्या म्हणाल्या, "और दरवाज़े पे ये पड़ा था."

काय बोलणार? वर्षाची भांडणं चौकात टाकून आलेली बाई, आणि तिच्या उंबऱ्यावर आमचा नरकासुर. दोन्हीकडे तीच इच्छा, घरातली पीडा जावो. पण हे त्या गर्दीत कोण कोणाला समजावणार? मी समजावू शकले असते. मराठी येत होतं, हिंदी येत होतं, आणि वड्यांचं आता कळलं होतं.

परागने बाबांना विचारलं, "अंकल, आपने किसी से पूछा था?"

बाबांनी माझ्याकडे बघितलं. जेमतेम क्षणभर. माझ्या गळ्यात हेडफोन तसाच लटकत होता.

"नही," बाबा म्हणाले. "मेरे मन से किया."

मी गप्प राहिले. तोंड उघडायला पुरेसा वेळ होता आणि मी तो घालवला. तेवढ्यात लिफ्टमधून यतीन आला, हातात बल्बचं खोकं. काय झालं ते कळल्यावर सगळ्यांसमोर बापावरच उखडला. "बाबा, निदान रसिकाला तरी विचारायचं होतं!" तरीही मी गप्प. बाबांनी फक्त मान हलवली, म्हणजे हो, चुकलं.

ठरलं असं की वॉचमनने सगळी फळं उचलून बाहेर टाकायची आणि अंकलनी माफीचं पत्र द्यायचं, ते नोटीस बोर्डवर लागेल. गर्दी पांगल्यावर पराग जिन्यापाशी थांबला आणि हळूच मराठीत म्हणाला, "वहिनी, आमच्या मालवणला पण फोडायचे. माझी आजी रस जिभेला लावायची. पण एवढ्या लोकांसमोर काय बोलणार, सांगा ना." मला त्याची कॉलर धरावीशी वाटली. पण कुठल्या तोंडाने? त्याच्यात आणि माझ्यात फरक एवढाच की त्याने निदान कबूल केलं.

बाबा त्यांच्या खोलीत जाऊन बसले. जेवले नाहीत. यतीन समजूत घालायला गेला तर एवढंच म्हणाले, "तिकीट काढ. तुळशीच्या लग्नाच्या दुसऱ्या दिवसाचं. एकट्याचं."

पहाटे पाचला गजर झाला तेव्हा उटणं भिजवायला मी उठले. बाबांच्या खोलीत दिवा होता, बाबा नव्हते. बाथरूम ओली, तेलाचा वास. बाहेरचं दार नुसतं लोटलेलं. मी बाल्कनीत धावले. चौकात दिव्याखाली एक माणूस एका पायावर तोल सावरत उभा होता.

लिफ्टची वाट न बघता मी जिना उतरले. वॉचमनने पिशवी नेमकी तिथेच उपडी केली होती, जिथे हंसाबेननी वडे ठेवले होते. वडे कुत्र्यांनी नेलेले, पाण्याचं रिंगण वाळलेलं. कारीटांना कुत्रीही शिवली नव्हती. बाबा अनवाणी होते, केस ओले. एक कारीट पायाने पुढे ओढायचे, डावा अंगठा ठेवायचे, दाबायचे. आवाज न करता. ओठ हलत होते.

"बाबा, इथे पाय देऊ नका," मी म्हणाले. "वर चला."

"तीनशे दोन," ते म्हणाले आणि दाबलं. "पोराची दहावी आहे. गणितात गचकतोय." दुसरं ओढलं. "सहाशे चार. नवऱ्याची नोकरी जून महिन्यात गेली. सकाळी डबा घेऊन निघतो, बागेत बसून परत येतो. बायकोला ठाऊक नाही." तिसरं. "सातशे एक. डायलिसिस."

हे सगळं त्यांना त्या प्लास्टिकच्या खुर्चीवर कळलं होतं. येणारा-जाणारा 'हाँ अंकल' म्हणून निघून जात होता असं मला वाटायचं. जाता जाता कधीतरी जड पिशवी टेकवून दोन मिनिटं थांबतही असेल. मला काय माहीत? मी कधी त्या खुर्चीपाशी थांबले नव्हते.

अर्धी-अधिक झाली होती. रस्त्यावर कडू वास सुटला होता. बाबांना धाप लागलेली. मी त्यांचा दंड धरला आणि जे काल बोलायला हवं होतं ते आता, ऐकायला कोणी नसताना, बोलले.

"बाबा, तुम्ही मला विचारलं होतं."

"हो."

"मी हो म्हणाले होते."

"हो."

"मग काल सांगितलं का नाहीत?"

त्यांनी हातातलं काम थांबवलं नाही. "तुला इथे राहायचंय," ते म्हणाले. "मी काय, जाणारच होतो. माझ्या नावावर गेलं म्हणून काय बिघडलं?"

मला त्यांचा भयंकर राग आला. इतका, की डोळ्यांत पाणी आलं. आठ महिने ज्यांचं तोंड पाडून बसणं मी मोजत होते, ते जाता जाता माझी चूक स्वतःच्या बोचक्यात बांधून नेणार होते, आणि मी त्यांना बोचकं बांधू दिलं होतं. मोबाइल गाऊनच्या खिशात होता. सोसायटीचा ग्रुप उघडला आणि तिथेच उभ्या उभ्या हिंदीत लिहिलं. काल सासऱ्यांनी मला विचारलं होतं, मी हो म्हटलं होतं, ती फळं तुमच्या घरातली पीडा जावी म्हणून ठेवली होती, माफीच्या पत्रावर सही माझी असेल. मग तेच बाबांना वाचून दाखवलं. पाठवलं ते त्यानंतर, म्हणजे मागे हटायला जागा राहणार नाही.

"कशाला केलंस?" बाबा वैतागले. "आता तुलाच बोलतील. मी गेल्यावर एकटी पडशील."

"पडेनच," मी म्हणाले. "बाबा, मला या बिल्डिंगमधलं हंसाबेनशिवाय एक माणूस माहीत नाही. तीनशे दोनमध्ये मुलगा आहे हेसुद्धा मला आत्ता कळलं. तुम्ही कंटाळलात म्हणून जाताय. मीसुद्धा कंटाळलेय. मला तुमचा रोज राग येतो, खरं सांगते, रोज. पण तुम्ही गेलात तर मी या घरात कुलूप उघडून शिरणार आणि कुलूप लावून निघणार. मला नाही राहायचं असं."

हे माझ्या मनात होतं हे मलाच बोलेपर्यंत ठाऊक नव्हतं. घर माझ्या हट्टाने घेतलं होतं, त्यामुळे ते मला आवडत नाही असं म्हणायची सोय नव्हती.

खाली पाच-सहा कारीटं उरली होती. ती बाबांनी एकेक करून फोडली, नंबर मात्र आता मोठ्याने म्हणत, म्हणजे मला ऐकू यावेत. प्रत्येक नंबरापुढे एक नाव, एक आजार, एक लग्न, एक अडलेलं काम. मी ऐकलं. सगळं लक्षात राहिलं नाही, पण ऐकलं.

फोन दोनदा थरथरला. कोणीतरी अंगठा पाठवला होता. सहाव्या मजल्यावरच्या बाईंनी लिहिलं होतं की असं असलं तरी आधी सांगायला हवं होतं. ते बरोबरच होतं. परागने काही लिहिलं नव्हतं. हंसाबेनच्या खिडकीत दिवा लागला होता, पण कोणी बाहेर आलं नाही.

परत येताना जिना चढायला मी त्यांना सक्त मनाई केली. लिफ्टमध्ये ते आरशाकडे पाठ करून उभे राहिले, रसाने माखलेला पाय फरशीला लागू नये म्हणून टाचेवर.

"यतीनने तिकीट काढलं का?" त्यांनी विचारलं.

"नाही. वेटिंग आहे."

"मग राहू दे आता. शिमग्याचं काढ म्हणावं," बाबा म्हणाले. "जायचं आणि यायचं."